जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स लिनक्सवर कुठवर जाईल? ड्रायव्हरच्या नावावरून ओळखा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना ऑफिस लॅपटॉप घेताना विक्रेता प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं सांगतो. ग्राफिक्सचा विषय मात्र "इनबिल्ट आहे, सगळं चालतं" एवढ्यावर मिटतो. मग घरी आणून लिनक्स टाकल्यावर कळतं की व्हिडिओ नीट चालतात, पण थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर ब्लेंडर, त्याची नवी आवृत्ती उघडायलाच नकार देते. ब्लेंडर ४.० पासून किमान ओपनजीएल ४.३ लागतं (ओपनजीएल म्हणजे प्रोग्रॅमने ग्राफिक्स चिपकडे चित्र मागण्याची ठरलेली पद्धत). २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीतलं इंटेल ग्राफिक्स लिनक्सवर ४.२ ला थांबतं. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यासाठी सौदा फसतो.

हे सगळं पैसे देण्याआधी पाहता येतं. पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोराची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती घ्यायची, लॅपटॉप तिच्यावरून सुरू करायचा आणि चार गोष्टी पाहायच्या: कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर कोणता, मेसा या ग्राफिक्स लायब्ररीतला ड्रायव्हर कोणता, ओपनजीएल कुठपर्यंत आणि त्याचा नवा वारस व्हल्कन कुठपर्यंत. कार्ड कोणत्या साली बाजारात आलं यापेक्षा त्याच्यासाठी आज कोणता ड्रायव्हर जिवंत आहे, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. का ते पुढे येईलच.

टाइप करायचा मजकूर या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टर्मिनलमध्ये तो अर्थातच रोमन लिपीत जाईल. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: ड्रायव्हर एक नसतो, दोन असतात

विंडोजवर 'ग्राफिक्स ड्रायव्हर' म्हणजे एक मोठी फाइल डाउनलोड करायची, अशी सवय असते. लिनक्सवर कामाची वाटणी आहे. कार्डाची मेमरी सांभाळणं, कार्डाकडे काम सोपवणं, पडद्याचं रिझोल्यूशन लावणं हे कर्नलमधला भाग करतो. ओपनजीएल किंवा व्हल्कनमध्ये प्रोग्रॅमने केलेल्या मागण्यांचं त्या विशिष्ट चिपच्या सूचनांमध्ये रूपांतर करण्याचं काम कर्नलबाहेरचा भाग करतो. मुक्तस्रोत जगात या दुसऱ्या भागाचं घर म्हणजे मेसा.

मेसा ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलं. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ओपनजीएल आणलं होतं, पण ते महागड्या वर्कस्टेशनवर चालायचं. तसंच काहीतरी साध्या यंत्रांवर चालावं म्हणून पॉल यांनी ते स्वतः लिहून काढलं आणि १९९५ मध्ये पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली केली. सुरुवातीला सगळं गणित सीपीयूच करायचा. कार्डांची खरी ताकद वापरण्याची रचना नंतर टप्प्याटप्प्याने आली. पडद्याचं रिझोल्यूशन लावण्याचं काम कर्नलकडे तर इंटेलसाठी २००९ मध्ये, २.६.२९ या आवृत्तीत गेलं. त्याआधीची लिनक्सची आठवण असलेल्यांना सुरू होताना दोन-तीनदा लुकलुकणारा पडदा आठवेल.

पायरी १: कर्नलचा ड्रायव्हर

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय', एक जागा आणि 'उणे के' टाइप करा. लांबलचक यादी येते. त्यात 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असलेली ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसेल. इंटेलवर तिथे आय९१५ किंवा अगदी नव्या चिपवर एक्सई असेल. एएमडीवर रेडिऑन किंवा एएमडीजीपीयू, एनव्हिडियावर नूवो किंवा एनव्हिडिया.

ही ओळच नसेल तर पुढचं काही पाहण्यात अर्थ नाही. आधी ते दुरुस्त करा. कारणं बहुधा तीनच असतात.

पहिलं आणि सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे 'नोमोडसेट'. इन्स्टॉल करताना पडदा काळा झाला की लोक 'सेफ ग्राफिक्स' निवडतात. त्यामागे कर्नलला नोमोडसेट हा शब्द दिलेला असतो आणि काही वेळा तो इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही तसाच राहून जातो. मग आय९१५ आणि एएमडीजीपीयू लोड व्हायलाच तयार नसतात, चित्र सीपीयू काढतो, पंखा सतत फिरतो आणि ब्राइटनेसची बटणं दाद देत नाहीत. एवढी लक्षणं एकत्र दिसली तर 'कॅट स्लॅश प्रोक स्लॅश सीएमडीलाइन' करून पाहा ('कॅट'नंतर जागा, बाकी सलग). नोमोडसेट दिसला तर ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली 'ग्रब' नावाची फाइल उघडून तो शब्द काढायचा, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं आणि रीस्टार्ट करायचं. फोरमवर नवं कार्ड घ्यायचा सल्ला मिळालेली किती यंत्रं एवढ्यावर सुधारली असती, देव जाणे.

दुसरं कारण फर्मवेअर. एएमडी आणि नव्या एनव्हिडिया कार्डांना सुरू होतानाच कंपनीच्या फर्मवेअर फाइल, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, लागतात. डेबियनने ही फर्मवेअर २०२३ मधल्या १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरसोबत द्यायला सुरुवात केली. त्याआधीची डेबियन असेल तर ती पॅकेजं वेगळी टाकावी लागतात.

तिसरं सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय. एनव्हिडियाचं बंदिस्त मॉड्यूल सही केलेलं नसेल तर कर्नल ते घेत नाही. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा किंवा मॉड्यूलच्या चावीची नोंदणी करा.

पायरी २: मेसाचा ड्रायव्हर आणि ओपनजीएलची पातळी

उबुंटू-डेबियनवर 'मेसा-यूटिल्स' हे पॅकेज टाका. मग 'जीएलएक्सइन्फो उणे बी' चालवा, यातला बी कॅपिटल. 'ओपनजीएल रेंडरर स्ट्रिंग' या ओळीवर नजर टाका. तिथे एलएलव्हीएमपाइप असा शब्द असेल तर चित्र सीपीयू काढतोय. गंमत अशी की एलएलव्हीएमपाइप ओपनजीएल ४.५ पर्यंत सगळं करून दाखवतो, त्यामुळे फक्त आवृत्ती पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. 'ॲक्सिलरेटेड' या शब्दापुढे 'यस' आहे ना, तेही बघा.

त्याखाली दोन आकडे असतात: 'कोअर प्रोफाइल' आणि 'कॉम्पॅट प्रोफाइल'. २००८ मध्ये ओपनजीएल ३.० ने जुनी फंक्शनं मोडीत काढायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी ३.१ ने ती खरोखर काढली आणि ३.२ मध्ये कोअर आणि कॉम्पॅटिबिलिटी अशी फाळणी झाली. जुन्या फंक्शनांच्या जोडीने नवी वैशिष्ट्यं मागणारे प्रोग्रॅम, विशेषतः जुनी कॅड सॉफ्टवेअर, कॉम्पॅट आकड्यावर अडतात. बाकीच्यांना कोअरचा आकडा लागतो.

मेसातल्या ड्रायव्हरचं नाव हवं असेल तर 'ईजीएलइन्फो उणे बी' चालवा आणि 'ईजीएल ड्रायव्हर नेम' ही ओळ शोधा. खरी माहिती या नावात आहे.

इंटेलवर 'आयरिस' दिसलं तर निर्धास्त राहा. ब्रॉडवेल, म्हणजे पाचव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून पुढच्या सगळ्यांना आयरिस चालतो आणि ओपनजीएल ४.६ देतो. त्याआधीच्या चिपना 'क्रोकस' आहे: हॅसवेलला ४.६, आयव्ही ब्रिजला ४.२, सँडी ब्रिजला ३.३. २०२२ मध्ये मेसाने जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले, तेव्हा या जुन्या इंटेल चिपचंही आयुष्य संपलं असतं. क्रोकस त्याआधीच तयार झाला होता म्हणून त्या वाचल्या.

एएमडीवर 'रेडिऑनएसआय' म्हणजे २०१२ च्या एचडी ७००० मालिकेतल्या जीसीएन रचनेपासून पुढचं सगळं. एचडी २००० ते ६००० साठी 'आर६००', त्याहून जुन्यांना 'आर३००' आणि तिथे ओपनजीएल २.१ च्या पुढे जायचं नाही. आर३०० वाला लॅपटॉप कुणी फुकट दिला तरच घ्यावा, आणि तोही टायपिंगसाठी.

आता हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. रेडिऑन एचडी ७९७० या कार्डाची नियमित विंडोज ड्रायव्हर अपडेट एएमडीने जून २०२१ मध्ये थांबवली. कंपनीच्या दृष्टीने कार्ड निवृत्त झालं. लिनक्सवर मात्र त्याच कार्डाला मेसाच्या व्हल्कन ड्रायव्हरकडून व्हल्कन १.३ मिळतं, जे २०२२ साली प्रसिद्ध झालं. कंपनीने हात काढून घेतल्यावर कार्डाला नवी क्षमता मिळाली. याचं मूळ सप्टेंबर २००७ मध्ये आहे. एटीआय विकत घेतल्याला वर्ष झालेल्या एएमडीने त्या महिन्यात चिपची कागदपत्रं खुली करण्याचा निर्णय जाहीर केला.

यात एक खाचखळगा आहे. जीसीएनच्या पहिल्या दोन पिढ्यांना कर्नल वर्षानुवर्षं जुना रेडिऑन ड्रायव्हरच लावत आला. ओपनजीएल त्यावर चालतं, पण व्हल्कनला एएमडीजीपीयू लागतो. अलीकडच्या कर्नलने हे बदललं आहे. जुन्या कर्नलवर असाल तर ग्रबमध्ये दोन शब्द घालावे लागतात: 'एएमडीजीपीयू डॉट एसआय-अंडरस्कोर-सपोर्ट बरोबर १' आणि 'रेडिऑन डॉट एसआय-अंडरस्कोर-सपोर्ट बरोबर ०' (दोन्हींत मध्ये जागा किंवा उणे चिन्ह नाही). दुसऱ्या पिढीसाठी एसआयच्या जागी सीआयके.

एनव्हिडियाचं वेगळं प्रकरण

नूवो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर कंपनीची मदत नसताना, कार्डाचं वागणं बाहेरून तपासत लिहिला गेला आणि २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये आला. मोठी अडचण वेगाची. कार्ड सुरू होतं तेव्हा घड्याळ सर्वांत कमी वेगावर असतं आणि काम वाढलं की ते वाढवणं ड्रायव्हरचं काम. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं आणि वेग वाढवण्याची किल्ली नूवोच्या हातून गेली. म्हणून जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेची कार्डं नूवोवर कासवगतीने चालतात. यात नूवो लिहिणाऱ्यांचा दोष नाही.

ट्युरिंगपासून, म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० मालिकेपासून चित्र बदललं. या कार्डांवर जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर असतो, घड्याळ सांभाळण्यासारखी कामं त्याच्या फर्मवेअरकडे गेली आणि नूवोला त्याच्याशी बोलता येतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा स्रोतही खुला केला. मात्र 'एनव्हिडिया ओपन' हे नाव वाचून हुरळून जाऊ नका. खुला झाला तो कर्नलचा अर्धा भाग, ओपनजीएल-व्हल्कनचा कंपनीचा अर्धा भाग अजून बंदच आहे. पूर्ण खुला पर्याय हवा असेल तर कर्नलमध्ये नूवो आणि मेसात 'एनव्हीके' अशी जोडी लागते. फेथ एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला एनव्हीके मेसा २३.३ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि २४.१ पासून रोजच्या वापराला योग्य ठरला.

जुन्या एनव्हिडिया कार्डाचा हिशेब सौद्याआधी करा. फर्मी, केप्लर, मॅक्सवेल, पास्कल ही एनव्हिडियाच्या चिपच्या पिढ्यांची नावं, जुन्यापासून नव्याकडे. बंदिस्त ड्रायव्हरमध्ये फर्मीसाठी ३९० ही शेवटची मालिका, केप्लरसाठी ४७०, आणि मॅक्सवेल व पास्कलसाठी ५८०. त्यातल्या ३९० आणि ४७० ची मुदत संपली आहे. कर्नल पुढे सरकत राहतो आणि एखाद्या अपडेटनंतर जुनं मॉड्यूल बांधलंच जात नाही. केप्लरचं कार्ड असलेला लॅपटॉप आणि फक्त इंटेल ग्राफिक्सचा लॅपटॉप एकाच किमतीत मिळत असतील, तर मी डोळे मिटून दुसरा घेईन.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम सहसा इंटेलवरच चालतो. मोठं कार्ड वापरायचं तर मेसावर आज्ञेच्या आधी कॅपिटलमध्ये 'डीआरआय-अंडरस्कोर-प्राइम बरोबर १' लावायचं (इथेही मध्ये जागा नाही). एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरवर बऱ्याच वितरणांमध्ये 'प्राइम-रन' मिळतं.

पायरी ३: व्हल्कन आहे का, आणि खरोखर आहे का

ओपनजीएलमध्ये ड्रायव्हरवर प्रचंड भार असतो. प्रोग्रॅम एकेक स्थिती बदलत जातो आणि त्याला नेमकं काय हवंय हे ड्रायव्हर आतल्या आत ताडत असतो. एएमडीने २०१३ मध्ये मँटल आणून हा भार प्रोग्रॅमवर टाकला. ॲपलचं मेटल २०१४ चं, मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी १२ हे २०१५ चं, दोघंही त्याच वाटेने गेले. १६ फेब्रुवारी २०१६ ला ओपनजीएल सांभाळणाऱ्या क्रोनोस गटाने मँटलच्या पायावर उभं केलेलं व्हल्कन १.० प्रसिद्ध केलं. ओपनजीएल २०१७ च्या ४.६ ला थांबलं आहे.

मुक्तस्रोत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हा बदल चांगलाच मानवला. ड्रायव्हर बारीक झाला, शेडर (चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) 'स्पर-व्ही' या ठरलेल्या मधल्या रूपात यायला लागले आणि ते चिपच्या भाषेत नेण्याचं बरंचसं काम मेसातल्या 'एनआयआर' या सामायिक थरात सगळ्या ड्रायव्हरना एकत्र करता आलं. चाचण्यांचा संचही क्रोनोसने खुला केला. म्हणूनच डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी २०१६ मध्ये एएमडीसाठी 'रॅडव्ही' सुरू करून लवकरच वापरण्याजोगा केला. एएमडीने २०१७ च्या अखेरीस स्वतःचा एएमडीव्हीएलके खुला केला खरा, पण लोक रॅडव्हीच वापरत राहिले आणि २०२५ मध्ये कंपनीने स्वतःचा प्रकल्प बंद करून रॅडव्हीला पाठिंबा दिला.

तपासण्यासाठी 'व्हल्कन-टूल्स' हे पॅकेज टाकून 'व्हल्कनइन्फो उणे उणे समरी' चालवा. काहीच चिप दिसली नाही तर 'मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स' हे पॅकेज राहिलं असण्याची शक्यता जास्त. दिसली तर 'डिव्हाइस टाइप' वाचा. तिथे सीपीयू लिहिलं असेल तर तो लावापाइप, म्हणजे एलएलव्हीएमपाइपचा व्हल्कनमधला भाऊ. बऱ्याच यंत्रांवर खरी चिप आणि लावापाइप दोन्ही यादीत असतात, ते ठीक आहे.

उदाहरणादाखल बाजारात मुबलक मिळणारा थिंकपॅड टी४४० घ्या. आत चौथ्या पिढीचा हॅसवेल प्रोसेसर आणि इंटेल एचडी ४४००. कर्नलमध्ये आय९१५, मेसात क्रोकस, ओपनजीएल ४.६: इथवर छान. व्हल्कनइन्फो चालवलं की मात्र 'हॅसवेलचा व्हल्कन सपोर्ट अपूर्ण आहे' असा इशारा येतो. या पिढीसाठी 'हॅसव्हीके' नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे आणि तो १.३ पर्यंत पोहोचत नाही. सँडी ब्रिजला व्हल्कन अजिबात नाही. स्कायलेक, म्हणजे सहाव्या पिढीपासून 'एएनव्ही' लागतो आणि रडगाणं संपतं. दोन-तीन हजार जास्त देऊन चौथ्याऐवजी सहाव्या पिढीचा लॅपटॉप मिळत असेल तर तो फरक बॅटरीपेक्षाही इथे वसूल होतो.

पायरी ४: विंडोजचे गेम आणि मधले दुभाषे

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, तेव्हापासून विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणं सोपं झालं. आतमध्ये डीएक्सव्हीके हा थर डायरेक्टथ्रीडीच्या आवृत्ती ९, १० आणि ११ च्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलतो, १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. वरच्या टी४४० वर २००७ चा साधा गेमही प्रोटॉनमध्ये सुरू होत नाही, त्याचं कारण हेच. ओपनजीएल तिथे चांगलं असल्याने स्टीममधल्या त्या गेमच्या लाँच पर्यायात कॅपिटलमध्ये 'प्रोटॉन-अंडरस्कोर-यूज-अंडरस्कोर-वाइनडीथ्रीडी बरोबर १' (डीथ्रीडीतला थ्री म्हणजे आकडा ३), एक जागा आणि शेवटी लहान अक्षरांत 'टक्केचिन्ह कमांड टक्केचिन्ह' लिहा. वेग पडतो, पण गेम उघडतो.

झिंक हा उलट्या गरजेचा थर: तो ओपनजीएलच्या मागण्या व्हल्कनवर चालवतो. ट्युरिंग आणि पुढच्या एनव्हिडिया कार्डांवर मेसा २५.१ पासून नूवोच्या जुन्या ओपनजीएलऐवजी एनव्हीकेवर बसलेलं झिंकच आपोआप लागतं. इतर कार्डांवर हौस म्हणून करून बघायला हरकत नाही, फायदा क्वचितच होतो.

वेग मोजण्यासाठी जीएलएक्सगिअर्स वापरू नका. ती दातेरी चाकं पडद्याच्या रिफ्रेश दराला बांधलेली असतात, म्हणून ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर ती ६० च दाखवतात आणि त्यातून काही सिद्ध होत नाही.

मेसाची आवृत्ती आणि शिळे सल्ले

चिप तीच, कर्नल तोच, तरी मेसा नवं असलं की आकडे बदलतात. डेबियन १२ मध्ये मेसा २२.३ आहे, म्हणजे त्यात एनव्हीकेचा पत्ताच नाही. डेबियन १३ मध्ये २५.० आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना मधल्या अपडेटमध्ये नवं मेसा मिळत राहतं. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतले प्रोग्रॅम स्वतःचं मेसा घेऊन येतात. त्यामुळे बाहेर एक आवृत्ती आणि फ्लॅटपॅकमधल्या ब्लेंडरला दुसरी, असं घडतं आणि ते अनेकदा सोयीचंही असतं.

शोधून सापडलेला सल्ला कोणत्या सालचा आहे हे आधी बघा. 'एस३टीसी'साठी वेगळी लायब्ररी टाका असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. टेक्स्चर दाबून ठेवण्याच्या त्या पद्धतीचं पेटंट ऑक्टोबर २०१७ मध्ये संपलं आणि मेसाने ती आतच घेतली. इंटेलसाठी एक्स-ऑर्गचा (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा) वेगळा ड्रायव्हर टाकण्याचा सल्लाही तसाच. कर्नलच्या जोरावर चालणारा 'मोडसेटिंग' ड्रायव्हर आज पुरेसा आहे आणि जुना टाकला तर उलट पडद्यावर फाटकं चित्र दिसण्याची शक्यता वाढते. ओपनजीएलची आवृत्ती खोटी सांगायला लावणारा एक व्हेरिएबलही फिरत असतो. प्रोग्रॅम त्याने फसून उघडतो, पण चिपमध्ये नसलेलं काम मागितलं की कोसळतो.

तरीही चित्र बिघडत असेल तर

बग मेसाच्या गिटलॅबवर नोंदवा, ते फ्रीडेस्कटॉपच्या संकेतस्थळावर आहे. आधी कॅपिटलमध्ये 'लिबजीएल-अंडरस्कोर-ऑलवेज-अंडरस्कोर-सॉफ्टवेअर बरोबर १' लावून तोच प्रोग्रॅम चालवून बघा. सीपीयूवर चित्र बरोबर आलं तर दोष चिपच्या ड्रायव्हरमध्ये असण्याचा संभव मोठा. तिथेही तसंच बिघडलं तर प्रोग्रॅमकडेच बोट जातं आणि नोंद त्या प्रोग्रॅमच्या लोकांकडे करायला हवी. नोंदीत जीएलएक्सइन्फो किंवा व्हल्कनइन्फोचं पूर्ण उत्तर, कर्नलची आवृत्ती, कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीएमईएसजी' या आज्ञेच्या उत्तरातल्या त्या वेळच्या ओळी आणि बिघडलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट जोडा. कोणत्या मेसा आवृत्तीत हेच नीट चालत होतं ते ठाऊक असेल तर नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहा. बिघाड कोणत्या बदलाने झाला ते शोधण्याचं निम्मं काम त्यामुळे होऊन जातं.